पावणेचार मिनिटं घेतली नाहीत

सोमवार, सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कुसुम आगाशे यांनी हेडफोन चढवले आहेत, पेडल उजव्या पायाखाली सरकवून घेतलं आहे आणि फाइल ६११ चं चौथं मिनिट टाइप करायला घेतलं आहे. फाइलीत राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाची बस आहे. बसमध्ये बावीस मुली आहेत आणि बहुतेक झोपल्या आहेत. एक जण दुसरीला विचारते, माझा चार्जर तू घेतलास का. दुसरी नाही म्हणते. कुसुमताई वेळ लिहितात, दोघींची नावं लिहितात, चार्जर लिहितात. पेडल दाबलं की आवाज पुढे जातो, सोडलं की थांबतो.

अकराच्या आत होईल तेवढं उरकायचं असतं. अकराला खालच्या दुकानांची शटर वर जातात आणि तळमजल्यावरचा दुकानदार गिऱ्हाइकांना स्पीकर वाजवून दाखवायला लागतो. मग तीस सेकंद भजन, तीस सेकंद ढोल-ताशा, तीस सेकंद बँड असं वरपर्यंत येत राहतं. तेव्हा टाइप केलेलं सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावं लागतं, म्हणून त्या वेळी कुसुमताई काम करत नाहीत.

त्या चौसष्ट वर्षांच्या आहेत. चौतीस वर्षं त्यांनी कोर्टात स्टेनोग्राफर म्हणून काढली. गेले नऊ महिने त्या एका माहितीपटासाठी रेकॉर्डिंग ऐकून उतरवून घेतात. माहितीपट या संघाच्या गेल्या वर्षीच्या मोहिमेचा आहे: तीन आठवड्यांचं शिबिर, पात्रता फेरी आणि शेवटचा हरलेला सामना. कॅमेरे ड्रेसिंग रूममध्ये, बसमध्ये, जेवणाच्या टेबलाशी होते. मुलींच्या कॉलरला दिवसभर माइक होते. सगळं मिळून सहाशे तासांच्या वर रेकॉर्डिंग आहे. मराठी आणि हिंदी कुसुमताईंकडे येतं, बाकीच्या भाषा दुसरीकडे जातात.

दिग्दर्शक सलिल हे सहाशे तास पुन्हा पाहत नाही. तो कुसुमताईंची पानं वाचतो, पेन्सिलीनं खुणा करतो आणि खुणेपुरतं रेकॉर्डिंग काढून घेतो. जे कागदावर नाही, ते त्याच्या दृष्टीनं घडलेलंच नसतं.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात गडबड झाली. कोर्टात स्टेनो सगळं घेत नाही. साक्षीदार बोलतो, वकील भांडतात आणि न्यायाधीश त्यातलं जे सांगतील तेवढंच कागदावर जातं. ‘हे घेऊ नका’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं आणि पेन्सिल थांबते. त्याच सवयीनं कुसुमताईंनी दोन खेळाडूंच्या अकरा मिनिटांच्या भांडणाचं काम एका ओळीत उरकलं: ‘खोलीतील पंख्यावरून वाद. तडजोड झाली.’

सलिल ते पान घेऊन आला. “काकू, मला तो वादच हवा होता.”

“पण मिटला ना.”

“मिटला ते मला नकोय.”

तेव्हापासून त्या शब्दन् शब्द घेतात. शिव्यासुद्धा. आधी त्यांनी विचारलं होतं, “सगळ्या?” सलिल म्हणाला, “सगळ्या.” त्यातल्या हिंदी शिव्यांचं लेखन त्यांनी सलोनीला विचारून घेतलं. सलोनी संकलनात मदत करते, चोवीस वर्षांची आहे. तिनं लेखन सांगितलं, अर्थ मात्र निम्म्यांचेच सांगितले.

कोर्टाची एक सवय सलिलनं मुद्दाम राहू दिली. साक्षीदार कसा वागला हे टिपायची कुसुमताईंना सवय होती. त्यामुळे त्यांच्या पानांवर अधूनमधून कंसात असतं: (थांबली. सहा सेकंद.) किंवा (प्रश्न टाळला.) किंवा (हसली. कारण दिसत नाही.) पेन्सिलीच्या बहुतेक खुणा या कंसांच्या आसपास पडतात.

दुसरी सवय कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती तीन आठवड्यांपूर्वी बाहेर आली.

संघाची गोलरक्षक राजनंदिनी कोल्हापूरजवळच्या एका खेड्यातली. सव्वीस वर्षांची आहे. तीन वर्षं राखीव बसल्यावर गेल्या मार्चमध्ये तिला निर्णायक सामन्यात संधी मिळाली. एकाहत्तराव्या मिनिटाला डावीकडून उंच बॉल आला. ती गोलच्या रेषेवरून पुढे आलीच नाही आणि समोरच्या खेळाडूनं निवांत डोकं लावलं. तो एकच गोल झाला आणि संघ बाहेर गेला. नऊ सेकंदांचा तो तुकडा मोबाइलवर फिरला. ‘घाबरली’ हा शब्द तिला चिकटला. पुढच्या शिबिराला तिला बोलावणं आलं नाही.

सलिलच्या माहितीपटाचा शेवटचा अर्धा तास याच गोलाभोवती आहे. ती पुढे का आली नाही? फाइल ५०२ मध्ये प्रशिक्षक त्याचं उत्तर देतात: “डर गई थी वो. गलती माफ होती है, डर नहीं.” माहितीपटाच्या पहिल्या कच्च्या जुळणीत हे वाक्य होतं आणि लगेच तो गोल होता.

खरं उत्तर फाइल ३८८ मध्ये होतं. सामन्याच्या दोन दिवस आधी, दुपारी साडेतीनला, मसाजच्या खोलीत राजनंदिनी मालनबाईंशी बोलत होती. मालनबाई मुलींच्या पायांना-खांद्यांना मालिश करायच्या. खोलीत कॅमेरा नव्हता, पण कॉलरचा माइक चालू होता. आदल्या दिवशी सरावात शेफाली नावाच्या खेळाडूचा गुडघा राजनंदिनीच्या डोक्याला लागला होता आणि तेव्हापासून डावीकडे वर पाहिलं की तिला एकाच्या जागी दोन वस्तू दिसत होत्या. ते तिनं मालनबाईंना सांगितलं. कुणाला सांगू नका, असंही सांगितलं. मग तिचं माइककडे लक्ष गेलं आणि ती माइकलाच म्हणाली, “कोण ऐकत असेल त्यांनी हे घेऊ नका हं.”

ऐकत होत्या कुसुमताई, तीन महिन्यांनी, जूनमधल्या एका सकाळी. त्यांनी टाइप केलं: ‘१४ मि. २० से. ते १८ मि. ०५ से. बोलणारीच्या विनंतीवरून घेतलं नाही.’ आणि पुढे गेल्या.

पंखा आणि तडजोड यानंतर शब्दन् शब्द घ्यायचं ठरलं होतं, पण या मुलीनं स्वतःच्या तोंडानं ‘घेऊ नका’ सांगितलं होतं. दोन्हींत मोठं काय, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पडला नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सलोनी मिनिटांचा हिशेब जुळवत होती.

“काकू, ३८८ मध्ये गॅप आहे. एरर आहे का?”

“नाही. नोंद आहे तिथे.”

“‘विनंतीवरून घेतलं नाही.’ कोणाच्या?”

“जी बोलत होती तिच्या.”

सलोनीनं ते रेकॉर्डिंग लावलं. संपल्यावर हेडफोन काढून तिनं सलिलला आत बोलावलं. सलिलनं दोनदा ऐकलं.

“काकू, आठ महिने मी ज्या प्रश्नाभोवती फिल्म फिरवतोय त्याचं उत्तर तुमच्याकडे होतं.”

“फाइलीत होतं. आणि नोंद केलेली होती. तुम्ही वाचली नाहीत.”

“सातशे फाइलींत एक ओळ!”

“कोर्टात लोक एका ओळीसाठी अपिलात जातात.”

“हे बघा, तिची रिलीज फॉर्मवर सही आहे. शिबिरातलं सगळं वापरायची परवानगी आहे आपल्याला. सगळं म्हणजे सगळं.”

“फॉर्म बघू.”

सलिलनं फॉर्म आणून दिला. कुसुमताईंनी चारही पानं वाचली, मागची बाजूही पाहिली. “इंग्रजीत आहे. तिला वाचून कुणी दाखवला होता?”

“बसमध्ये वाटले होते.”

“म्हणजे नाही.”

सलिल खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली स्पीकर सुरू झाले होते. सलोनीनं तोवर फाइल ५०२ चं पान छापून काढलं आणि कुसुमताईंसमोर ठेवलं. “काकू, प्रशिक्षकांचं हे तुम्हीच टाइप केलंय. ऑगस्टमध्ये. तेव्हा तुम्हाला माहीत होतं की असं नाहीये. काही वाटलं नाही?”

“टाइप करताना काही वाटून घ्यायचं नसतं.”

“ओके. पण ती ‘घेऊ नका’ म्हणाली ते मॅचच्या आधी. तिला फक्त खेळायचं होतं. आता तर तिला कुणी खेळवतही नाही. आज ती काय म्हणेल, हे आपल्यापैकी कुणाला माहितीये?”

कुसुमताईंनी ५०२ चं पान पुन्हा वाचलं. आपलंच टायपिंग त्यांनी चूक शोधायला वाचावं तसं वाचलं. चूक नव्हती.

“साक्षीदाराला परत बोलवा,” त्या म्हणाल्या.

घरी, वारज्याला, त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. दिगंबर आगाशे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं, “चौतीस वर्षं तू कोर्टात एक शब्द बोलली नाहीस. आता वकिली का?”

“वकिली नाही. समन्स काढलंय.”

“आणि ती आली नाही तर?”

“अहो, येईल किंवा नाही येणार. विचारलं नाही असं तर होणार नाही.”

फोन कुसुमताईंनीच केला. राजनंदिनी आधी सलिलशी बोलायला तयार नव्हती. फिल्म म्हटल्यावर तिनं फोन ठेवला. दुसऱ्यांदा कुसुमताईंनी फक्त एवढंच सांगितलं, की मालिशच्या खोलीतलं बोलणं माझ्याकडे आहे, मी ते कुणाला दिलं नव्हतं, आता इतरांनी ऐकलंय, तुम्ही येऊन ऐका आणि ठरवा.

काल, रविवारी, ती कोल्हापूरहून सकाळच्या गाडीनं आली. रविवारी तळमजल्यावरचं दुकान बंद असतं. उंच, खांद्यानं रुंद मुलगी, पाठीला सॅक. सध्या ती गावाजवळच्या एका शाळेत हंगामी क्रीडाशिक्षक आहे. शाळेत कसं चाललंय, असं सलोनीनं विचारलं.

“बरं चाललंय. मी मैदानावर आलो की पोरं वरडत्यात, ‘मॅडम, बॉल आला, पळा.’” तिच्याकडच्या पोरींसारखी तीही स्वतःबद्दल बोलताना ‘आलो, गेलो’ म्हणते. “सातवीची पोरं. त्यांना काय कळतंय. मोबाइलवर बघून शिकत्यात.”

कुसुमताईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. “तुमचं बोलणं मी जूनमध्ये ऐकलं होतं. पुढे तुमच्याबद्दल प्रशिक्षक काय म्हणाले, तेही मीच टाइप केलं. तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. केला नाही.”

“नंबर नव्हता तुमच्याकडं?”

“होता. पहिल्याच पानावर.”

राजनंदिनीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पाणी प्यायली. “बरं. वाचा आता.”

कुसुमताईंनी ती पावणेचार मिनिटं टाइप करून आणली होती, सव्वातीन पानं. सलिलला रेकॉर्डिंगच ऐकवायचं होतं. त्याला त्यांनी थांबवलं. साक्ष झाली की ती साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची, त्यानं बरोबर आहे म्हटलं की तसं खाली लिहायचं आणि सही घ्यायची, असं त्यांनी राजनंदिनीला सांगितलं. चुकलं असेल तर शेजारी दुरुस्ती करायची, मूळ शब्द खोडायचा नाही.

मग त्यांनी वाचलं, कोर्टात वाचतात तसं, एका पट्टीत.

‘राजनंदिनी: मावशी, डावीकडं वर बघितलं की दोन दोन दिसाय लागलंय. मालनबाई: कवापासून? राजनंदिनी: काल शेफालीचा गुडघा लागला तवापासून. मालनबाई: डॉक्टरला सांग की. राजनंदिनी: सांगितलं की बसवत्यात. तीन वर्षं बसलो मी. मालनबाई: अगं, दोन बॉल दिसल्यावर धरशील कुठला? राजनंदिनी: मधला. कंसात, हसली.’

राजनंदिनी इथेही हसली. कुसुमताई थांबल्या, हसणं संपल्यावर पुढचं वाचलं. मालनबाईंनी डॉक्टरकडे जा म्हणून तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा राजनंदिनीनं त्यांना शपथ घातली होती. मालनबाई म्हणाल्या होत्या, ‘न्हाई सांगत मी कुणाला. पण हे बरं न्हाई करत तू.’

दुसऱ्या पानावर राजनंदिनीनं हात वर केला. “हितं चुकलंय. ‘दुखत नाही’ असं मी म्हटलं नव्हतं. दुखत होतं की.”

कुसुमताईंनी पेन पुढे केलं. राजनंदिनीनं समासात ‘दुखत होते’ लिहिलं आणि बाजूला सही केली. सलिल लगेच रेकॉर्डिंग लावायला मशीनकडे वळला.

“मशीन नंतर,” कुसुमताई म्हणाल्या. नंतर रेकॉर्डिंग लावलं, तर त्यात स्पष्ट ‘दुखत नाही’ होतं. कुसुमताईंनी टाइप केलेलंही ठेवलं आणि समासातलंही.

वाचून झाल्यावर राजनंदिनीनं पानं स्वतःकडे घेतली. पानं तिच्या मांडीवर होती. सलोनी चहा आणायला उठली आणि परत बसली.

“हे दाखवलं तर लोक म्हणणार, दिसत नव्हतं तर खेळली कशाला,” राजनंदिनी म्हणाली. “संघाची वाट लावली म्हणणार.”

“म्हणतील,” सलिल म्हणाला.

“ते खरंच हाय. ते म्हणू देत. घाबरलो नव्हतो एवढं कळलं की झालं.” तिनं शेवटचं पान उलटं केलं. “पण मावशीचं काय? ती अजून पोरींचीच मालिश करत्या. हिंजवडीकडं वसतिगृह हाय त्यात. ठाऊक असून गप बसली म्हणून काढलं तिला तर?”

“मालनबाईंचा आवाज बंद करता येईल,” सलिल म्हणाला. “फक्त तुझं ठेवू.”

“मग मी भिंतीशी बोलतोय व्हय?”

“आणि त्यांनी तीनदा डॉक्टरकडे जा म्हटलं, तेही जाईल,” कुसुमताई म्हणाल्या. “त्यांच्या बाजूचं तेवढंच आहे.”

राजनंदिनीनं पेन घेतलं. ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ या ओळीखाली सही केली आणि आपण होऊन तिच्याखाली लिहिलं: मालन मावशी हो म्हटली तरच. ती नको म्हटली तर माझंबी नको.

सलिलनं ते वाचून कपाळावर हात मारला. “शुक्रवारी संकलन संपवून द्यायचंय. त्या नाही म्हणाल्या तर मी कुठे? परत प्रशिक्षक आणि तो गोल.”

“प्रशिक्षकांचं ते वाक्यही राहणार नाही,” कुसुमताई म्हणाल्या.

“का?”

“उलटतपास झाला नाही ती साक्ष धरत नाहीत.”

“काकू, हे कोर्ट नाहीये. सिनेमा आहे.”

“मग त्यात लोकांना शिक्षा कशाला देता?”

सलिलनं समोर बसलेल्या राजनंदिनीकडे पाहिलं. तो आतल्या खोलीत गेला. तिथून त्यानं खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, मालनबाई नाही म्हणाल्या तर प्रशिक्षकांचं ते वाक्य काढतो, गोल नुसता दाखवतो, कारण सांगत नाही.

“लिहून द्या,” कुसुमताई म्हणाल्या.

“तुमचा माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे. लिहून द्या.”

त्यानं लिहून दिलं. सलोनीनं साक्षीदार म्हणून सही केली आणि तिला यात फारच मजा वाटली. कागद राजनंदिनीनं सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवला. दुपारच्या गाडीनं ती परत गेली. सोमवारी शाळा होती.

तिच्या समोरच कुसुमताईंनी मालनबाईंना फोन लावला होता. मालनबाई गावी होत्या, जालन्याकडे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी विचारलं, “पोरगी बरी हाय का? डोळं?” राजनंदिनीनं फोन घेऊन सांगितलं, डोळे दीड महिन्यात बरे झाले. मग मालनबाई कुसुमताईंना म्हणाल्या, “म्या लिहिल्यालं वाचत न्हाई. फोनवर बी नगं. तुम्ही येऊन वाचा माझ्याम्होरं, मग सांगते.”

त्या आज, सोमवारी, गावाहून परततात. वसतिगृहातल्या मुलींचा दुपारचा सराव साडेतीनला सुरू होतो आणि त्याआधी मालनबाईंना अडीच ते सव्वातीन एवढाच वेळ मोकळा असतो. उद्या, मंगळवारी, कुसुमताई अकराला काम थांबवतील, ती सव्वातीन पानं घेऊन चालत महापालिकेपर्यंत जातील आणि बारा वाजून दहा मिनिटांची हिंजवडीची बस धरतील.